फेरेरो आणि लाल मातीची शाळा

मंडळी, नमस्कार.

गेल्या पाच-सात वर्षांत टेनिस पाहू लागलेल्यांना हुआन कार्लोस फेरेरो माहीत आहे तो कार्लोस अल्काराझचा प्रशिक्षक म्हणून. त्याआधीपासून पाहणाऱ्यांना आठवतो तो 2003 साली फ्रेंच ओपन जिंकणारा सडपातळ स्पॅनिश मुलगा, जो नदाल आल्यावर मागे पडला. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, पण त्यातून हा माणूस कळत नाही. त्याच्या कपाळावर जो शिक्का बसला, 'क्ले कोर्ट स्पेशालिस्ट', म्हणजे फक्त लाल मातीच्या कोर्टवर चालणारा खेळाडू, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे. माझं म्हणणं असं की लाल माती ही फेरेरोची मर्यादा नव्हती, ती त्याची शाळा होती. तिथे शिकलेलं तो सगळीकडे वापरत होता.

त्या काळात हा शिक्का कौतुकाचा नव्हता, हे आधी सांगायला हवं. नव्वदच्या दशकात स्पेनकडे खेळाडूंची रांग होती. सर्गी ब्रुगेराने 1993 आणि 1994 अशी लागोपाठ दोन वर्षं पॅरिसच्या लाल मातीवरचं फ्रेंच ओपन जिंकलं. 1998 साली अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्पॅनिशच होते, कार्लोस मोया आणि अलेक्स कोरेचा. तरीही इंग्लंड-अमेरिकेतले समालोचक त्यांच्याबद्दल बोलताना जरा हातचं राखूनच बोलायचे. विम्बल्डन तर क्रमवारी बाजूला ठेवून स्वतःच्या मर्जीने मानांकनं (बलाढ्य खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून दिलेले क्रमांक) ठरवायचं आणि त्याचा फटका बहुतेक वेळा याच मंडळींना बसायचा. 2000 साली कोरेचा आणि अल्बर्ट कोस्टा यांनी निषेध म्हणून विम्बल्डनमधून माघार घेतली. पुढच्याच वर्षी ग्रँड स्लॅममध्ये मानांकित खेळाडूंची संख्या 16 वरून 32 झाली. माझ्या मते ही तक्रार रास्तच होती. जगात दहावा-बारावा असलेल्या माणसाला 'तुमचं काय ते पॅरिसमध्ये दाखवा' असं सांगणं म्हणजे त्याची वर्षभराची मेहनत निम्मी कापून टाकणं.

फेरेरो या वातावरणात वर आला. जन्म 12 फेब्रुवारी 1980, व्हॅलेन्सिया प्रांतातलं ओन्तिन्येंत हे गाव. लहान वयातच तो शेजारच्या अलिकांते प्रांतात, बिल्येना गावाजवळ, आंतोनिओ मार्तिनेझ कास्कालेस यांच्या अकादमीत राहून शिकू लागला. किशोरवयातच त्याची आई कर्करोगाने गेली. टेनिस सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं होतं, वडिलांनी समजूत घातली आणि तो परत कोर्टवर आला. या प्रसंगावर मी जास्त बोलणार नाही. पण पुढच्या पंधरा वर्षांत तो किती वेळा पडला आणि किती वेळा पुन्हा उभा राहिला हे पाहताना, तो मुलगा कुठून आला होता हे लक्षात असू द्या.

आता थोडं मातीबद्दल. पॅरिसच्या रोलँ गॅरोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानावर, जी लाल माती दिसते ती खरं तर विटांची भुकटी असते आणि तिचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. खाली कुटून घट्ट केलेली पांढरी चुनखडी, त्याखाली जळक्या कोळशाची खडी, मग बारीक खडी आणि तळाला मोठे दगड. एवढ्या पातळ भुकटीने खेळ बदलतो कसा? चेंडू टप्पा घेतो तेव्हा घर्षण जास्त असल्यामुळे त्याचा पुढे जाण्याचा वेग बराच मरतो आणि तो वर उसळतो. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, दिलेला असेल तर खांद्यापर्यंत येतो. गवतावर किंवा हार्ड कोर्टवर ज्या सर्व्हिसवर फुकटात गुण मिळतो, ती इथे परत येते. जोरदार फोरहँडही परत येतो. म्हणजे गुण एका फटक्यात मिळत नाही, तो रचावा लागतो. समोरच्याला आधी एका कोपऱ्यात ढकलायचं, मग मागे ढकलायचं, त्याचा तोल जाईपर्यंत थांबायचं आणि तो गेला की आत शिरायचं. कोर्टभर घसरत पळायचं, घसरतानाच फटका मारायचा आणि पाय थांबायच्या आत उलट दिशेला निघायचं. बुद्धिबळात जसा पाच चाली पुढचा विचार लागतो, तसा इथे पाच फटके पुढचा लागतो, फरक इतकाच की छाती धपापत असताना.

म्हणून क्लेवरचा खेळ म्हणजे नुसता चिवटपणा, हा समज चुकीचा आहे, आणि फेरेरोच्या बाबतीत तर तो फारच चुकीचा. तो बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, दहा फूट मागे उभा राहून चेंडू परत करत बसणारा खेळाडू नव्हता. अंगाने हलका, पायाने अतिशय चपळ, टोपणनावच 'मॉस्किटो', म्हणजे डास. चेंडू वर चढत असतानाच तो घ्यायचा, त्यामुळे समोरच्याचा वेळ खायचा. बॅकहँडच्या कोपऱ्यात आलेल्या चेंडूला वळसा घालून तो फोरहँड मारायचा आणि तो फटका कुठल्या बाजूला जाणार हे शेवटपर्यंत कळायचं नाही. प्रतिस्पर्धी मागे सरकला की अलगद ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीपलीकडे जेमतेम टाकलेला चेंडू. अल्काराझच्या ड्रॉप शॉटने आज सगळे हरखून जातात, त्यांनी 2001 ते 2003 मधला फेरेरो जरूर पाहावा.

1998 साली ज्युनियर फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात तो चिलीच्या फर्नांडो गोन्झालेझकडून हरला. 1999 मध्ये मायोर्कात त्याने पहिलं एटीपी विजेतेपद मिळवलं. 2000 साली, वीस वर्षांचा असताना, तो मोठ्यांच्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत होता. समोर ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन. फेरेरो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता आणि तरी पाच सेटमध्ये हरला. कुएर्तेन त्या वर्षी विजेता ठरला. 2001 साली पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा कुएर्तेन, यावेळी सरळ तीन सेटमध्ये हार. पण त्याच्या काही आठवडे आधी रोमच्या अंतिम सामन्यात याच कुएर्तेनला त्याने पाच सेटमध्ये हरवलं होतं.

2000 सालचा डेव्हिस करंडकाचा (देशांच्या संघांमधली स्पर्धा, तेव्हा एका लढतीत पाच सामने आणि तीन जिंकणारा विजयी) अंतिम सामना मात्र मला सविस्तर सांगायचा आहे, कारण आज करंडकाचं ते जुनं रूप उरलेलं नाही आणि त्याची किंमत काय होती हे नव्या प्रेक्षकाला पटकन कळत नाही. स्पेनने हा करंडक तोवर कधीच जिंकला नव्हता. मानुएल सांतानासारखा महान खेळाडू असताना, साठच्या दशकात, दोनदा अंतिम फेरी गाठली आणि दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाने हरवलं. 2000 मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाच. यावेळी सामना बार्सिलोनाच्या पलाउ सांत जोर्दी या बंदिस्त सभागृहात होता आणि तिथे आत लाल माती आणून अंथरली होती. उद्घाटनाला स्पेनचा ध्वज धरून उभा होता मायोर्काचा एक चौदा वर्षांचा मुलगा, राफेल नदाल.

पहिल्या दिवशी लेटन ह्युइटने कोस्टाला पाच सेटमध्ये हरवलं. लगेच दडपण फेरेरोवर. समोर पॅट्रिक राफ्टर, सर्व्ह करून नेटकडे धावणारा, सगळ्यांचा आवडता खेळाडू. पहिला सेट राफ्टरने टायब्रेकरवर घेतला, दुसरा फेरेरोने टायब्रेकरवर, मग राफ्टरचं शरीर बोलायला लागलं आणि चौथ्या सेटमध्ये त्याला सामना सोडावा लागला. कोरेचा आणि जोआन बाल्सेल्स यांनी दुहेरी जिंकली. रविवारी फेरेरो विरुद्ध ह्युइट. ह्युइट म्हणजे पळून पळून समोरच्याचा जीव काढणारा. फेरेरोने त्याला 6-2, 7-6, 4-6, 6-4 असं हरवलं आणि स्पेनचा पहिला डेव्हिस करंडक आला. वीस वर्षांचा मुलगा, दोन एकेरी सामने, दोन विजय. नंतर स्पेनने हा करंडक इतक्या वेळा जिंकला की पहिल्या वेळचं ओझं कुणी उचललं ते लोक विसरले.

2002 साली फेरेरोने पॅरिसमध्ये आगासीला हरवलं, साफिनला हरवलं आणि अंतिम सामन्याला तो दुखऱ्या घोट्यानिशी उतरला. समोर मित्र, अल्बर्ट कोस्टा. पहिले दोन सेट 6-1, 6-0. ज्याची सगळी ताकद पायात, त्याचा पायच साथ देत नव्हता. तिसरा सेट त्याने खेचून घेतला, चौथा गेला. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत त्याने कोस्टालाच हरवलं आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या मार्टिन व्हेर्केर्कला 6-1, 6-3, 6-2. अंतिम सामना म्हणून पाहिलं तर तो एकतर्फीच झाला. मला स्वतःला त्या विजेतेपदापेक्षा 2000 ते 2003 ही सलग चार वर्षं जास्त मोठी वाटतात: उपांत्य, उपांत्य, उपविजेता, विजेता.

आता शिक्क्याकडे परत येतो. त्याच 2003 च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्कच्या हार्ड कोर्टवर, पावसाने वेळापत्रक कोलमडल्यामुळे फेरेरोला सलग चार दिवस खेळावं लागलं. उपांत्यपूर्व फेरीत ह्युइट, उपांत्य फेरीत आगासी. दोघेही या स्पर्धेचे माजी विजेते, दोघेही हरले. अंतिम सामन्यात अँडी रॉडिकने त्याला हरवलं, पण 8 सप्टेंबर 2003 रोजी फेरेरो जगात पहिल्या क्रमांकावर होता आणि आठ आठवडे राहिला. त्याच वर्षी त्याने माद्रिदची मोठी स्पर्धा जिंकली, ती बंदिस्त हार्ड कोर्टवर. त्याच्या एकूण 16 विजेतेपदांपैकी 13 लाल मातीवरची आहेत, हे खरं. पण मातीवर ज्याला गुण रचता येतो त्याला तो इतरत्रही रचता येतो. मोयाचंच पाहा. तो चेन्नईच्या हार्ड कोर्टवर 2004 आणि 2005 अशी लागोपाठ दोन वर्षं विजेता होता आणि 2005 साली त्याने बक्षिसाची रक्कम त्सुनामीग्रस्तांना दिली. चेन्नईची हीच स्पर्धा पुढे 2018 पासून पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन म्हणून भरू लागली.

2004 हे वर्ष क्रूर होतं. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी, तिथे फेडररकडून हार. मग कांजिण्या. मग सरावात पडून बरगडी आणि मनगटाला दुखापत. पॅरिसमध्ये गतविजेता म्हणून आला आणि दुसऱ्याच फेरीत इगोर आंद्रेयेवकडून हरला. वर्षाच्या शेवटी सेव्हिलमध्ये डेव्हिस करंडकाचा अंतिम सामना, समोर अमेरिका, स्टेडियममध्ये 27,200 माणसं. पहिल्या दिवशी एकेरीत फेरेरोऐवजी उतरवलं कुणाला? बार्सिलोनात ध्वज धरलेल्या त्या मुलाला. अठरा वर्षांच्या नदालने रॉडिकला हरवलं. फेरेरो टॉमी रॉब्रेडोबरोबर दुहेरी खेळला आणि ब्रायन बंधूंनी त्यांचा धुव्वा उडवला. निर्णय योग्य होता, निकालानेही ते दाखवलं. पण मी जेव्हा जेव्हा त्या सामन्याचा विचार करतो तेव्हा मला फेरेरोबद्दल वाईट वाटतं. चोवीस वर्षांचा माणूस, वर्षभरापूर्वी जगात पहिला, आणि त्याचा काळ त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघालेला. पुढच्या एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या अंतिम सामन्यात नदालने त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं.

इथे बहुतेकांची फेरेरोची गोष्ट संपते. त्यापुढे तो आणखी साडेसात वर्षं खेळला आणि मला वाटतं त्या वर्षांकडे नीट पाहायला हवं. 2003 च्या माद्रिदनंतर एकही विजेतेपद नाही. क्रमवारीत शंभराच्याही बाहेर. आणि 2009 च्या एप्रिलमध्ये कासाब्लांकाला, लाल मातीवर, तो पुन्हा जिंकला. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनने त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजकांच्या मर्जीने थेट प्रवेश, दिलं. ज्या गवतावर त्याच्यासारख्यांना कुणी मोजत नव्हतं, तिथे त्याने फर्नांडो गोन्झालेझ आणि जिल सिमाँ यांना हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. अँडी मरेने त्याला थांबवलं. जुलैत मार्बेयाला जर्मनीविरुद्ध डेव्हिस करंडकाची लढत 2-2 अशी असताना निर्णायक सामना त्याने जिंकला. स्पेनने त्या वर्षीही करंडक जिंकला. 2010 मध्ये तीन विजेतेपदं, 2011 मध्ये स्टुटगार्ट. ऑक्टोबर 2012 मध्ये, व्हॅलेन्सियात, घरच्या माणसांसमोर त्याने निवृत्ती घेतली.

बिल्येनाची अकादमी त्याने कास्कालेस यांच्याबरोबर पुढे वाढवली. 2018 च्या सुमारास मुर्सियाजवळच्या एल पाल्मार गावातला एक पंधरा वर्षांचा मुलगा तिथे आला. फेरेरोच्या हाताखाली अल्काराझने सहा ग्रँड स्लॅम जिंकले: दोनदा यूएस ओपन, दोनदा विम्बल्डन, दोनदा फ्रेंच ओपन. तीन वेगळ्या पृष्ठभागांवर प्रत्येकी दोन, हे मुद्दाम लक्षात घ्या. डिसेंबर 2025 मध्ये दोघे वेगळे झाले. कारणांची चर्चा भरपूर झाली, मला त्यात शिरायचं नाही. कोर्टवर जे दिसलं तेवढं बोलतो. 2025 च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात सिनरविरुद्ध तीन मॅच पॉइंट वाचवून, पाच तास एकोणतीस मिनिटं खेळून अल्काराझ जिंकला. त्याने घेतलेली जोखीम, मागे ढकलून मग ड्रॉप शॉट टाकणं, चढता चेंडू घेणं, ही सगळी बिल्येनाची शिकवण आहे. त्यात अल्काराझची स्वतःची ताकद मिसळली, जी फेरेरोकडे कधीच नव्हती.

ज्यांना वेळ आहे त्यांनी 2001 चा रोमचा अंतिम सामना मिळवून पूर्ण पाहा, नुसती क्षणचित्रं नकोत. चौथ्या सेटपासून फेरेरो कुठे उभा राहून चेंडू घेतो, तेवढ्यावर नजर ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.