किल्ली कुणाकडे?

नमस्कार, श्रोतेहो. सह्याद्रीतल्या एका पाड्यावर हळदीला गेलो होतो, तिथली गोष्ट आधी सांगतो.

पाड्यावर विजेची तार नाही. सौर पॅनल आहेत, एका खोलीत बॅटऱ्या आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर. घरटी दोन दिवे, एक पंखा. गिरणी चालते ती भर दुपारी, ऊन असेल तेव्हा. पॅनल पुसणं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं पाळीने. ज्याची पाळी, त्याच्याकडे खोलीची किल्ली.

नवरदेवाच्या बापाने शहरातून डीजे आणला. कपाटाएवढे स्पीकर! हळदीची गाणी म्हणणाऱ्या बाया ओट्यावर गप्प बसलेल्या. हळदीला डीजे लागतोच कशाला, मला कळत नाही. असो. पहिल्याच गाण्याला इन्व्हर्टर बसला आणि सगळा पाडा काळोखात.

"किल्ली कुणाकडे?"

कुणी बोलेना. किल्ली होती शेजारच्या घरी. त्या दोघांचं बांधावरून चार वर्षं बोलणं बंद, लग्नाचं आमंत्रणसुद्धा नाही. शेवटी बाप स्वतः गेला आणि दाराशी नुसता उभा राहिला. शेजारी कंदील घेऊन निघाला, डीजेची वायर उपटली, फ्यूज बदलला. दिवे आले. तो न जेवता परत निघाला, तर नवरदेवाच्या आजीने हाताला धरून पंगतीत बसवला.

म्हणून सांगतो, पॅनल किती वॅटचं ते नंतर विचारा. किल्ली कुणाकडे, हे आधी.

अशीच किल्ली एका अख्ख्या गावाच्या हातात होती. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. २००३ साली तिथे उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. केरळातून आलेले तरुण अभियंते आणि गावकऱ्यांचं श्रमदान. दगड वाहिले, बंधारा घातला, तो गावानेच. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याचं पाणी चढलं आणि प्रकल्प बुडाला. गावाने स्वतः उभा केलेला प्रकल्प दुसऱ्यांच्या विजेसाठी, पाण्यासाठी बुडावा, हे मला अजून पचत नाही.

तर तो पाडा. पुढच्या महिन्यात किल्लीची पाळी नवरदेवाच्या बापाची होती. शेजाऱ्याने किल्ली हातात दिली, डिस्टिल्ड वॉटरचा डबा दाखवला आणि म्हणाला, "तिसरी बॅटरी पाणी जास्त पिते."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य. बांधाचं भांडण अजून चालूच आहे.