बारवेच्या पायऱ्या कुठे मोडल्या?

(दृश्य: सकाळचा तिरपा उजेड. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवरून कॅमेरा संथपणे खाली उतरतो.)

मराठवाड्याला बारवांचे अप्रूप नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची गोलाकार वळत उतरणारी बारव पाहायला आता दुरून माणसे येतात. पण जिच्याकडे कोणी वळून पाहत नाही आणि जिच्यात वर्षानुवर्षे गाळ साचत राहतो, अशी बारव जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडेल. जिंतूर तालुक्यातल्या अशाच एका बारवेच्या कुंडातला गाळ गावकऱ्यांनी उन्हाळ्यात श्रमदानाने काढला. गाळ काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर, अशी दोनदा तिची छायाचित्रे घेऊन दोन त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्यात आल्या, आणि त्या दोहोंतील फरकावरून किती गाळ निघाला हे काढण्याचे काम अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, त्याच गावच्या एका मुलीकडे आले. पारावर बसलेल्या आजोबांनी तिला एवढेच सांगितले होते, “पोरी, किती ब्रास निघाला तेवढं तुझ्या त्या यंत्राला इचार.”

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. प्रश्न इतका सरळ होता. उत्तर मिळायला मात्र तीन आठवडे लागले.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. करड्या रंगाची त्रिकोणांची जाळी सावकाश फिरते आहे.)

संगणकाच्या दृष्टीने बारव म्हणजे दोन याद्या असतात. पहिल्या यादीत शिरोबिंदूंचे निर्देशांक असतात आणि दुसऱ्या यादीत कोणते तीन बिंदू जोडून त्रिकोण होतो त्याची नोंद असते. या लक्षावधी त्रिकोणांच्या जाळीलाच मेश म्हणतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मेश हाताळण्यासाठी ट्रायमेश, ओपनथ्रीडी, पायमेशलॅब अशी अनेक साधने विनामूल्य मिळतात आणि तिने त्यांपैकी ट्रायमेश निवडले.

पहिली एरर स्क्रिप्टच्या, म्हणजे तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या, पाचव्याच ओळीला आली. फाइल उघडली, पण हातात आलेल्या वस्तूला शिरोबिंदूच नाहीत, असे संगणकाचे म्हणणे होते. ज्या फाइलमध्ये एकाहून अधिक पोत किंवा भाग असतात, ती उघडल्यावर ट्रायमेश एक मेश न देता अनेक मेशांची मोट बांधलेला ‘सीन’ देते. ते सगळे भाग एकत्र जोडून एकच मेश करून घेतला की काम पुढे सरकते. या चुकीत अर्धा तास गेला असेल. खरे तर अशी चूक उपकारकच म्हणायची, कारण ती निदान ओरडून सांगते. पुढच्या चुका गप्प बसणाऱ्या होत्या.

(दृश्य: प्रतिकृतीचा जवळून घेतलेला भाग. एका बाजूच्या पायऱ्या रेखीव, शेजारच्या बाजूच्या वेड्यावाकड्या.)

ही बारव चौरस असून तिला चारही दिशांनी पायऱ्या आहेत. प्रतिकृतीत पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या पायऱ्या जवळपास जशाच्या तशा उतरल्या होत्या, पण उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या पायऱ्यांचे पार तुकडे झाले होते. प्रत्यक्षात एकसारख्या असलेल्या पायऱ्यांपैकी एकीची रुंदी २५ सेंटीमीटर भरत होती, तर लगतच्या दुसरीची ५०. पहिला संशय अर्थातच सावलीवर गेला. उन्हाळ्यात जिंतूरच्या परिसरात मे महिन्याच्या उत्तरार्धात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य अगदी माथ्यावर असतो. तो मुहूर्त साधून, डोक्याला उपरणे गुंडाळून, तिने सगळी छायाचित्रे पुन्हा घेतली. पायऱ्या पूर्वीसारख्याच मोडलेल्या निघाल्या.

खूण खरी वेगळ्याच ठिकाणी होती आणि ती पहिल्या दिवसापासून समोरच होती. मोडलेल्या पायऱ्यांची रुंदी बिघडली होती, उंची मात्र मिलिमीटरपर्यंत बरोबर होती. सावलीमुळे छायाचित्र बिघडले असते तर रुंदीबरोबर उंचीही बिघडली असती.

येथे थोडे गणित समजून घेणे आवश्यक आहे. काठावर रंगवलेल्या चार खुणांची जागा उपग्रहाधारित मोजणीने निश्चित केली होती, त्यामुळे प्रतिकृतीचे निर्देशांक यूटीएम पद्धतीत, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत, मिळाले. मराठवाड्याचा बहुतेक भाग या पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतो आणि त्यात उत्तरेचा निर्देशांक विषुववृत्तापासून मीटरमध्ये मोजला जातो. जिंतूरजवळ तो २१ लाख ६८ हजारांच्या आसपास असतो, तर पूर्वेचा निर्देशांक पावणेसात लाखांच्या आसपास. आता प्रतिकृती साठवताना प्रत्येक संख्येला ३२ बिटांचीच, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांचीच, जागा दिली, तर त्यांतले २४ बिट प्रत्यक्ष अंकांच्या वाट्याला येतात. संख्या जितकी मोठी, तितके तिच्यामागचे दशांश कमी. संख्या २०,९७,१५२ च्या पुढे गेली की लगतच्या दोन संख्यांमधले अंतर पाव एकक होते, म्हणजे इथे २५ सेंटीमीटर. खरा निर्देशांक २१,६८,४१२.३८ असेल तर साठवणीत तो २१,६८,४१२.५० होतो, आणि पायरीची कड १२ सेंटीमीटर सरकते. पूर्वेची संख्या लहान असल्याने तिथे हेच अंतर सव्वासहा सेंटीमीटरचे पडते. उंचीचा आकडा तर काही शेच असल्यामुळे तिथे फरक केसाएवढाही पडत नाही.

यातली गंमत अशी की २०,९७,१५२ ही सीमा मराठवाड्याला जवळजवळ मधोमध छेदते. लातूर आणि धाराशिव तिच्या दक्षिणेला राहतात, म्हणून हीच चूक लातूरच्या बारवेत केली असती तर पायऱ्या जास्तीत जास्त सव्वासहा सेंटीमीटरनेच सरकल्या असत्या आणि कदाचित कोणाच्या नजरेतही आल्या नसत्या.

मेश साठवण्याच्या बायनरी एसटीएल या प्रकारच्या फाइलमध्ये निर्देशांक नेहमीच ३२ बिटांचे असतात आणि पीएलवाय फाइलमध्येही बहुधा तसेच लिहिले जातात. एकदा गळालेले दशांश परत मिळत नाहीत. म्हणून दुरुस्ती पायथनमध्ये होऊच शकत नव्हती. मूळ प्रतिकृती ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली तिथे परत जाऊन, पूर्वेतून ६,७७,०००, उत्तरेतून २१,६८,००० आणि उंचीतून ४०० वजा करून ती नव्याने काढावी लागली. या पायरीला तिच्या हातून आणखी एक चूक होता होता राहिली. प्रत्येक मेश त्याच्या स्वतःच्या केंद्रबिंदूवर आणून ठेवणे, हा अनेकांचा आवडता उपाय आहे; पण गाळ निघाल्यावर केंद्रबिंदू स्वतःच जागा बदलतो, आणि मग आधीची बारव नंतरच्या बारवेवर नीट बसत नाही. दोन्ही प्रतिकृतींतून वजा करायचे आकडे तेच आणि तेवढेच हवेत.

(दृश्य: कुंडाचे तोंड वरून. भोवती काठाची रेषा लाल रंगात उजळते.)

पायऱ्या जुळल्या, तरी घनफळ अजून मिळाले नव्हते. ट्रायमेशला घनफळ विचारले तर ते प्रत्येक त्रिकोणाचा घनफळातला वाटा काढून त्या सर्वांची चिन्हांसह बेरीज करते. पृष्ठभाग सर्व बाजूंनी बंद असेल तरच या बेरजेला अर्थ असतो, आणि बारव तर वरून उघडी आहे. पूर्वी, निर्देशांक लाखांत असताना, उत्तर काही लाख घनमीटर येत होते. ते हास्यास्पद होते म्हणून कोणी फसले नसते. आकडे लहान केल्यावर उत्तर चार आकडी आणि पटण्याजोगे आले. आमच्या मते खरा धोका याच वळणावर होता. तिने एक साधी परीक्षा घेतली: अख्खा मेश शंभर मीटर सरकवला आणि घनफळ पुन्हा विचारले. बारव जागेवरून हलवल्याने तिच्यातला गाळ कमीजास्त होणार नाही. आकडा मात्र बदलला.

भोके बुजवणाऱ्या सुविधाही इथे फारशा कामाच्या नाहीत. ट्रायमेशची सुविधा तीन किंवा चार कडांचेच भोक बुजवते, आणि त्याहून जोरकस साधने अख्ख्या तोंडावर स्वतःच्या अंदाजाने झाकण बसवून मोकळी होतात. म्हणून तिने झाकणाचा नाद सोडून वरून सोडलेल्या उभ्या किरणांची वाट धरली. नऊ मीटर लांबी-रुंदीच्या कुंडावर पाच-पाच सेंटीमीटरचे चौकोन आखले की ३२,४०० चौकोन होतात. प्रत्येकाच्या मध्यातून खाली किरण सोडायचा, तो आधीच्या आणि नंतरच्या पृष्ठभागाला ज्या उंचीवर भेटतो त्या दोन उंचींतला फरक घ्यायचा आणि त्याला चौकोनाच्या क्षेत्रफळाने गुणायचे. यासाठी मेश बंद असण्याची गरज पडत नाही. पहिल्या प्रयत्नात भिंतीतून उगवलेले पिंपळाचे एक रोपही गाळात धरले गेले, कारण ते सफाईत उपटले गेले होते. ते मेशमधून हाताने काढावे लागले. भिंतीतल्या देवकोष्ठांत, म्हणजे मूर्तींच्या कोनाड्यांत, साचलेला गाळ तर वरून दिसणारच नाही, म्हणून तो टेपने मोजून वेगळा मिळवला.

(दृश्य: पारावर ठेवलेली वही. पानावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे.)

अखेरचा आकडा १७२ घनमीटर, म्हणजे सुमारे ६१ ब्रास आला. गावकऱ्यांच्या वहीत ७६ ट्रॉल्यांची नोंद होती आणि त्यांनी एक ट्रॉली एक ब्रासाची धरली होती. तिने पुन्हा स्क्रिप्ट उघडली, किरण तपासले, वजा केलेले आकडे तपासले, मेश शंभर मीटर सरकवून पाहिला. या वेळी उत्तर हलले नाही. वही मिटता मिटता आजोबा म्हणाले, “अगं, उकरलेला गाळ ट्रॉलीत फुगतो की. खाली दबून बसलेला असतो तो.”