कॅम्प: बंदुकीचा आणि बाटलीचा

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या बसमध्ये "एक कॅम्प द्या" असे म्हणून आपण तिकीट काढतो, तेव्हा रोमच्या वेशीबाहेरचा एक शब्द आपल्या तोंडी असतो. लॅटिनमध्ये 'काम्पुस' म्हणजे मैदान. रोममध्ये मार्स या युद्धदेवतेच्या नावाचे असे एक मैदान होते. तेथे सैन्याची कवायत चाले आणि नागरिकांचे मतदानही होई. पुढे इटालियन आणि फ्रेंच भाषांतून येताना मैदानाचे नाव तेथे उतरलेल्या सैन्याच्या तळाला चिकटले आणि इंग्रजीत कॅम्प झाले. १८१८ साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, पलटणी आल्या आणि शब्दही आला. आधी मैदान, मग तळ, एवढा क्रम ध्यानात असू द्यावा.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. ती खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहत असे. एका संध्याकाळी रिक्षातून कर्णा ओरडत गेला, "उद्या सकाळी डोळ्यांचा मोफत कॅम्प!" हे कर्णेवाले गावाचे आणि जागेचे नाव नेमके घाईने का उरकतात, हे मला आजवर उमगलेले नाही. आत्याला कॅम्प ठाऊक होता तो एकच, बेळगावचा. पहाटे भाकरी बांधून तिने पहिली बस गाठली आणि मोठमोठ्या झाडांखालून, बैठ्या बंगल्यांच्या रांगेतून चालत ती थेट लष्करी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पहाऱ्यावरचा जवान सुदैवाने साताऱ्याकडचा निघाला.

"आजी, कुठं निघालाय?"

"डोळं दाखवायला आलोय की रे. कॅम्प ह्योच न्हवं?"

"कॅम्प हाच, पण हितं बंदुका असतात. औषधाच्या बाटल्या न्हाईत."

त्याने तिला पाणी दिले आणि परतीच्या बसची वाट दाखवली. आत्या गावी पोहोचली तेव्हा दुपार कलली होती आणि तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावरील शाळेत डॉक्टर सामान पेटीत भरत होते. तळ उठवून निघण्याला इंग्रजीत 'डिकॅम्प' म्हणतात, तो शब्द याच मैदानातला. तिची हकीकत ऐकून डॉक्टर पोटभर हसले, मात्र त्यांनी पेटी पुन्हा उघडली आणि तिचे डोळे तपासले.

आत्याला हसण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. कर्णेवाल्याने कॅम्पऐवजी शिबिर म्हणावे, असा आग्रह धरणारे शुद्धिप्रेमी आमच्या भागात पुष्कळ आहेत. परंतु संस्कृतात शिबिर म्हणजेही सैन्याची छावणीच. दोन्ही शब्द तळावरून निघाले आणि दवाखान्यात पोहोचले, तेव्हा त्यांतल्या एकालाच परका म्हणून हिणवणे मला पटत नाही. निवडणुकीतले 'कॅम्पेन'ही त्याच कुळातले: हिवाळा संपला की फौजा मोकळ्या मुलखात उतरत, म्हणून ती मोहीम. महाविद्यालयाच्या आवाराला मात्र लॅटिन 'कॅम्पस' जसेच्या तसे मिळाले. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे १७७४ मध्ये ते त्या अर्थाने वापरल्याची नोंद आहे.

त्या दिवसानंतर गावात कॅम्पची वर्दी आली की आत्या रिक्षा थांबवून आधी विचारत असे, "बंदुकीचा, का बाटलीचा?"