छत्तीस खेळांचे कारभारी: जीन स्मिथ

अमेरिकेतील ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. येथील घोड्याच्या नालाच्या आकाराचे ओहायो स्टेडियम १९२२ साली उभे राहिले. शरद ऋतूतील शनिवारी येथे एक लाखाहून अधिक प्रेक्षक जमतात, ते लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल पाहण्यासाठी, आणि मैदानावर खेळणारे असतात ओहायो स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी. या सामन्यांची तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि देणगीदारांची मदत यांवर विद्यापीठाचे तलवारबाजीपासून नौकानयनापर्यंतचे ३६ खेळ चालतात. हा सारा कारभार ज्याच्या हाती असतो, त्या अधिकाऱ्याला तेथे ॲथलेटिक डायरेक्टर म्हणतात. २००५ ते २०२४ या काळात हे पद जीन स्मिथ यांच्याकडे होते.

स्मिथ मूळचे ओहायोतीलच, क्लीव्हलँडचे. इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात ते बचाव फळीत खेळले आणि १९७३ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होते. १९७७ मध्ये पदवी घेऊन ते तेथेच सहायक प्रशिक्षक झाले आणि त्याच वर्षी संघाने पुन्हा विजेतेपद पटकावले. अशा वेळी बहुतेक तरुण प्रशिक्षणाचीच वाट धरतात. स्मिथ मात्र काही वर्षांत ते काम सोडून आयबीएम कंपनीच्या विपणन विभागात गेले. पुढे ईस्टर्न मिशिगन, आयोवा स्टेट आणि ॲरिझोना स्टेट या तीन विद्यापीठांचे क्रीडा विभाग त्यांनी क्रमाने सांभाळले. एवढ्या वरच्या पदावर कृष्णवर्णीय अधिकारी तेव्हा मोजकेच होते, हे त्यांच्या वाटचालीकडे पाहताना विसरता येत नाही.

त्यांची खरी कसोटी २०११ मध्ये लागली. फुटबॉल संघातील काही खेळाडूंनी आपल्या विजेतेपदाच्या अंगठ्या आणि इतर स्मृतिचिन्हे देऊन पैसे घेतले होते, अंगावर गोंदवून घेतले होते. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या तेव्हाच्या नियमांनुसार हा गुन्हा होता. प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना हे आधीपासून ठाऊक असूनही त्यांनी ते कळवले नाही, ही बाब ८ मार्चच्या पत्रकार परिषदेत उघड झाली. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी देशभरातील संघांची निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून स्मिथ यांना साऱ्या देशासमोर त्या निवडीचे समर्थन करायचे होते. ३० मे रोजी ट्रेसल यांनी राजीनामा दिला.

विद्यापीठाने आधीच्या हंगामातील विजय स्वतःहून रद्द केले, पण हंगामाअखेरीस निवडक संघांसाठी होणाऱ्या बाऊल सामन्यावर स्वतःहून पाणी सोडले नाही. डिसेंबरमध्ये एनसीएएने २०१२ च्या हंगामासाठी असा सामना खेळण्यावर बंदी घातली. नवे प्रशिक्षक अर्बन मेयर यांच्या संघाने त्या हंगामातील बाराही सामने जिंकले आणि तरीही विजेतेपदासाठी खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ज्या खेळाडूंचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनी या निर्णयाची किंमत मोजली. आधीच्या हंगामातला बाऊल सामना स्वतःहून न सोडणे हा स्मिथ यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा चुकीचा अंदाज होता, असे आम्हाला वाटते. दोन वर्षांनी, २०१४ च्या हंगामात, मेयर यांच्याच संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१८ मध्ये एका सहायक प्रशिक्षकावरील घरगुती हिंसाचाराच्या आरोपांची हाताळणी नीट न केल्याबद्दल विद्यापीठाने मेयर आणि स्मिथ या दोघांनाही काही काळ निलंबित केले. हा डागही या कारकिर्दीच्या हिशेबात धरावाच लागतो.

मात्र अंगठ्यांच्या प्रकरणाने उभा केलेला प्रश्न स्मिथ यांच्यापुढे वेगळ्या रूपात पुन्हा आला. २०१९ मध्ये एनसीएएने एक कार्यगट नेमला आणि बिग ईस्ट या विद्यापीठांच्या क्रीडागटाच्या आयुक्त व्हॅल ॲकरमन यांच्यासह त्याचे अध्यक्षपद स्मिथ यांना दिले. खेळाडूला स्वतःच्या नावातून आणि प्रतिमेतून कमाई करू द्यावी का, हा त्या गटापुढचा विषय होता. गटाने मर्यादा घालून का होईना, पण ‘करू द्यावी’ या बाजूने शिफारस केली. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना जाहिरातींतून आणि स्वाक्षऱ्यांतून उघडपणे पैसे मिळवता येऊ लागले. ज्या प्रकारच्या कमाईपायी स्मिथ यांच्या संघाने एक हंगाम गमावला होता, तिच्या मोठ्या भागाला आता नियमांचीच मान्यता मिळाली. नियम चुकीचा असू शकतो हे त्याच नियमाची शिक्षा भोगलेल्या कारभाऱ्याने मान्य करावे, याचे मोल आम्हाला विजेतेपदांहून अधिक वाटते.

दरम्यान २०२० मध्ये करोनामुळे प्रेक्षागारे ओस पडली आणि फुटबॉलचे उत्पन्न आटले. स्टॅनफर्डसारख्या संपन्न विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली होती, जी पुढे मागे घेतली गेली. ओहायो स्टेटने मोठी तूट सोसली, परंतु एकही खेळ बंद केला नाही. पोहणाऱ्या, धावणाऱ्या आणि नेमबाजी करणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना या निर्णयाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मोठ्या विद्यापीठांचा फुटबॉल एनसीएएपासून वेगळा काढून त्याचे नियमन स्वतंत्रपणे करावे, असे मत स्मिथ यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे मांडले. ते अजून प्रत्यक्षात आलेले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि रॉस ब्योर्क यांनी सूत्रे घेतली. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देण्याची मुभा मिळाली असून, तो देऊन उरलेल्या पैशात ३६ खेळ कसे चालवायचे, हा हिशेब आता ब्योर्क यांना मांडायचा आहे.