कमरेचं दुखणं आणि नऊ रात्रींचा गरबा

श्रोतेहो, नमस्कार.

नवरात्र तोंडावर आलं की बडोद्यात माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला एकच प्रश्न विचारतात. "ताई, मणक्यात गॅप आहे, गरबा खेळला तर चालेल का?" विचारणारी मंडळी बहुतेक पन्नाशी-साठीची. कुणाची कंबर बाळंतपणापासून धरलेली, कुणाची स्कूटर स्टँडवर लावताना गेलेली, ती अजून अधूनमधून डोकं वर काढते.

उत्तर आधीच देऊन टाकते. चालेल. पण किती चाललं, ते त्या रात्री ठरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं. परत सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी. का, ते आमच्या काकांच्या गोष्टीतून सांगते.

काका दांडिया बाजारातले. आता दांडिया बाजार म्हटल्यावर बडोदेकरांना सांगायला नको, तिथेच आपलं जुम्मादादा व्यायाममंदिर. तिथल्या प्राध्यापक माणिकरावांची हाडं बसवण्यात केवढी ख्याती होती! लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी इथेच माणिकरावांच्या हाताखाली शिकले. व्यायामाचं एवढं मोठं घर आपल्या गावात, आणि आपली मुलं मोबाइलवर रील बघून कमरेचे व्यायाम शिकतात. असो. तर काका जुन्या वळणाचे. जोर, बैठका, मलखांब, सगळं केलेलं. आणि अशा माणसाची कंबर गेली कशानं, तर पाण्यानं भरलेला कूलर वाकून, कमरेत वळून, एका झटक्यात सरकवला, त्यानं. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. मणक्यांमधली गादी सरकली, नस दबली. ऑपरेशन लागलं नाही, पण ते दुखणं पुढे कायमचं घरात राहायला आलं.

माझ्याकडे आले ते ऐटीत. म्हणाले, "अगं, मला चालायला काय सांगतेस, मी पाचशे बैठका मारलेला माणूस." मी म्हटलं, "काका, बैठका राहू द्या. सतरंजीवर या, नातवाचा घोडा होता ना, तसे हातापायांवर उभे राहा. आता उजवा हात पुढे, डावा पाय मागे, सरळ. पाठ हलवायची नाही. दहा आकडे मोजा." काका चारपर्यंत पोचले आणि सगळं अंग थरथरायला लागलं. कपाळावर घाम. तेवढ्यात नातू खरंच धावत आला, घोडा म्हणून पाठीवर बसायला! मी त्याला वरच्या वर धरला. काकू दारात पदर तोंडाला लावून हसतायत. पाचशे बैठकांची मिजास तिथे उतरली, आणि माझं काम सोपं झालं. कारण दुखऱ्या कमरेला जोर कमी पडत नाही, पाठ हलू न देता धरून ठेवणारे बारीक स्नायू कमी पडतात.

मग काका नेमानं कामाला लागले. सकाळी कमाटीबागेत सपाट रस्त्यावर चालणं, आधी थोडं, मग थोडं जास्त. संध्याकाळी सतरंजीवर तो घोडा. पावसाळा संपेपर्यंत पायातली कळ वर सरकून फक्त कमरेत राहिली. हे लक्षण चांगलं. दुखणं पायातून वर कमरेकडे येत असेल तर बरं, कमरेतून खाली पायाकडे निघालं तर थांबायचं. हे लक्षात ठेवा, वर आलं तर बरं, खाली गेलं तर थांबा.

आणि मग नवरात्र आलं. काका म्हणाले, "परवानगी दे." मी दिली. अटी तीन. दोन फेऱ्या, मग खुर्ची. ताळी देताना कमरेतून झुकायचं नाही, गुडघे वाकवायचे. आणि वळायचं ते पावलांनी, कमरेनं नाही. वाकणं आणि वळणं एकदम झालं की गादीचे हाल होतात. कूलर सरकवताना तेच झालं होतं, आणि गरब्याची झुकून दिलेली ताळी म्हणजेही तेच, फक्त ढोलाच्या तालावर.

सात रात्री माणूस शहाण्यासारखा वागला. सकाळी फोन यायचा, "कालच्याइतकंच आहे." आठव्या रात्री जुने दोस्त भेटले. ढोल चढला. कुणीतरी म्हणालं, "काका थकले वाटतं." झालं! बारा वाजता माइक बंद होईपर्यंत काका रिंगणात. रात्री काकूंना म्हणाले, "बघ, काही झालं नाही." नवव्या रात्री पुन्हा तेच.

दसऱ्याला सकाळी माझा फोन वाजला. काका फाफडा-जिलेबीच्या रांगेतून बोलत होते. "अगं, पुढे सरकता येत नाही आणि मागेही." भिंतीला टेकून वाकलेले, हातात रिकामी पिशवी, आणि मागचे लोक ओरडतायत, "काका, चालो ने!" शेवटी त्यांचा नंबर दुसऱ्यानं लावला, जिलेबी मिळाली, आणि जिलेबीबरोबर काकांना रिक्षात घालून घरी आणलं.

काकूंना वाटलं, आता पंधरा दिवस पलंग. पूर्वी डॉक्टरही तेच सांगायचे. पण 1986 साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाठदुखीच्या काही लोकांना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दुखणं दोघांचंही सारखंच कमी झालं, पण दोन दिवसवाले कामावर लवकर गेले. म्हणून काकांना त्याच संध्याकाळी मी घरातल्या घरात चालवलं, दर तासाला थोडं. व्यायाम थांबवला नाही, निम्म्यावर आणला. पुढच्या वर्षी नऊच्या नऊ रात्री दोन-दोन फेऱ्या, आणि मधल्या वेळात काका प्रसादाच्या ताटाशी. तिथली गर्दीही त्यांना आवडायला लागली म्हणे, कारण सगळ्यांना थांबून त्यांच्याशी बोलावंच लागतं.

गोष्टीतच वेळ गेला, आता भराभर सांगते. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं कालच्याइतकंच असेल तर तेवढंच चालू ठेवा. वाढलं असेल तर निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा. उठल्यावर पहिला तासभर वाकायचे व्यायाम नकोत. रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आपली उंचीही सकाळी सेंटिमीटरभर जास्त भरते, आणि त्या वेळी वाकलं की ताण जास्त येतो. पायाची बोटं धरायची हौस असेल तर ती संध्याकाळी भागवा. श्वास कोंडून काही उचलू नका. आणि ते रुतणारे सोफे! अर्ध्या बडोद्याच्या कमरा त्या सोफ्यांनी बिघडवल्या असं माझं मत आहे, पुरावा मागू नका.

एमआरआयचा रिपोर्ट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून धास्ती घेऊ नका. 2015 साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचा. त्यांच्यातही विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरात 96 टक्के. रिपोर्टातलं प्रत्येक वाक्य म्हणजे आजार नव्हे.

एक मात्र कान देऊन ऐका. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाय लुळा पडायला लागला, तर हा सकाळचा नियम लागू नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर व्यायाम सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.