द्राक्षगर्भ: पिशवी साफ झाली म्हणून रक्ततपासणी सोडू नका

नमस्कार श्रोतेहो. आज मी मोलर प्रेग्नन्सीबद्दल बोलणारे. दवाखान्यात याला व्हेसिक्युलर मोल म्हणतात, मराठीत द्राक्षगर्भ. साधारण हजारात एखादीला होतो, त्यामुळे घरात कुणी ऐकलेलंच नसतं आणि रिपोर्टवर हे नाव आलं की सगळं घर हबकतं.

होतं काय, तर दिवस राहतात, टेस्टवर दोन रेघा येतात, उलट्या सुरू होतात, पण बाळ धरायच्या ऐवजी वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, पेशीच बेसुमार वाढत सुटतात, त्यात पाणी भरतं आणि द्राक्षाच्या घडासारखे फोड तयार होतात. पूर्ण प्रकारात बाळ नसतंच, स्त्रीबीजात आईची गुणसूत्रं नसतात, सगळी 46 वडिलांकडून आलेली असतात. अर्धवट प्रकारात बहुतेक वेळा एका बीजात दोन शुक्राणू शिरतात, 69 गुणसूत्रं होतात, थोडाफार गर्भ दिसतो पण तो वाढू शकत नाही. हे इतकं खोलात सांगतेय कारण पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर गेली, जड उचललं असे बोल त्या बाईलाच ऐकावे लागतात. अहो, हे बीज फळतानाच ठरलेलं असतं! यात तिचा दोष नाही आणि नवऱ्याचाही नाही. वय अगदी कोवळं किंवा चाळिशीच्या पुढचं असेल तर शक्यता वाढते.

लक्षणं म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून जाणं, कधी लाल कधी चॉकलेटी, पाणीसुद्धा पोटात ठरणार नाही इतक्या उलट्या, दिवसांच्या मानाने पोट मोठं, पाचव्या महिन्याआधीच वाढलेलं बीपी. हल्ली सोनोग्राफी लवकर होते म्हणून बऱ्याच जणींना यातलं काहीच जाणवत नाही. सोनोग्राफीत ठोके नसतात, पिशवीभर बारीक बारीक पोकळ्या दिसतात, आणि रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, बरेचदा लाखाच्या वर जातं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत हे साध्या गर्भपातासारखंही दिसू शकतं, पक्कं निदान होतं ते काढलेला भाग पॅथॉलॉजी लॅबला पाठवल्यावरच. म्हणून कळकळीने सांगते, सोनोग्राफी न करता मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच मोकळं होऊ नका, असा मोल कुणाच्या लक्षातही येत नाही आणि आत वाढत राहतो.

उपचार म्हणजे भूल देऊन सक्शनने पिशवी रिकामी करायची. रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यामुळे रक्ताची सोय असलेलं हॉस्पिटल हवं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं, म्हणजे पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते, इंजेक्शन द्यायचं का, ते विचारून घ्या.

खरी गडबड यानंतर होते. बाई घरी येते, रक्तस्राव थांबतो, आणि घरचे म्हणतात, आता बरी आहे ना, मग दर आठवड्याला कशाला सुई टोचायची, गाडीभाडं वेगळं, लॅबचे पैसे वेगळे. तर कशाला ते ऐका. समजा फाईलमध्ये बीटा एचसीजीचे आकडे असे आहेत, 1,80,000, मग 12,000, मग 900, मग 40, आणि शेवटी 5 च्या खाली. असा आकडा उतरत गेला तर छान. पण पूर्ण मोल झालेल्या 100 पैकी 15 ते 20 जणींमध्ये काही पेशी मागे राहून वाढतात, त्यातून कधी वारेचा कॅन्सरही होऊ शकतो, आकडा एका जागी अडकतो किंवा परत चढतो, आणि बाईला मात्र काहीच त्रास नसतो! अर्धवट प्रकारात हे प्रमाण बरंच कमी. म्हणून आकडा नॉर्मल होईपर्यंत दर आठवड्याला आणि नंतर काही महिने महिन्याला एकदा तपासणी, किती महिने ते डॉक्टर प्रकार बघून सांगतील.

आकडा चढला तर बहुतेकींना मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाची इंजेक्शनं देतात. केमो म्हटलं की घरात रडारड होते, पण या औषधाने सहसा केसही जात नाहीत आणि वेळेत आलेल्या जवळजवळ सगळ्या जणी बऱ्या होतात, बहुतेकींची पिशवीही शाबूत राहते. वारेच्या कॅन्सरवर हे औषध अमेरिकेत 1950 च्या दशकातच लागू पडलं होतं.

या काळात दिवस राहू देऊ नका, कारण नव्या गरोदरपणानेही तोच आकडा वाढतो आणि मग काहीच कळत नाही. निरोध चालेल, डॉक्टरांना विचारून गर्भनिरोधक गोळ्या चालतील, तांबी मात्र आकडा नॉर्मल झाल्यावरच. केमो झाली असेल तर साधारण वर्षभर थांबायचं.

आणि घरच्यांनो, बाळ नव्हतंच मग रडतेस काय, असं तिला म्हणू नका. तिने नावं ठरवली होती, तिला रडू द्या. पुन्हा मोल होण्याची शक्यता शंभरात एखादीलाच असते, पुढचं बाळ बहुतेकींना सुखरूप होतं. फक्त तेव्हा सहाव्या ते आठव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्या आणि जाताना ही जुनी फाईल, लॅबच्या सगळ्या कागदांसकट, सोबत न्या.