दोर, कडी आणि बंद पडलेली बोट

(दृश्य: काळा घोडा पुलाखालून वाहणारी विश्वामित्री)

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने 35 फुटांची पातळी ओलांडली आणि बडोद्याच्या सोसायट्यांमध्ये रबरी बोटी फिरू लागल्या. अशा पाण्यात सुटकेला गेलेली बोटच कधी कधी मध्येच बंद पडते. कारण बहुतेक वेळा पंख्याजवळच सापडतं.

(दृश्य: उचललेल्या ओबीएमचा, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाचा पंखा, अगदी जवळून)

जलपर्णी, पिशव्या, एखादी साडी. आणि उत्तरायणातल्या पतंगांचा मांजा, जो झाडांवरून, तारांवरून सुटून पाण्यात येतो. साडी दिसते, सुटते. मांजा मात्र पंख्याच्या दांड्याभोवती बसून सीलच्या (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) आत घुसतो, सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. इंजिन थंड करून मागे पिचकारीसारखी पडणारी पाण्याची धार बारीक झाली, तर पाणी आत घेणारी जाळी कचऱ्याने बुजली असं समजायचं. धार थांबल्यावरही इंजिन चालवत राहिलात तर ते तापून अडकणार.

आधी इंजिन बंद, किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली, गिअर न्यूट्रलला. मग इंजिन वर उचलायचं आणि लांब दांड्याच्या आकड्याने कचरा ओढायचा. या नदीत मगरी आहेत, हात पाण्यात सोडायचा नाही. तेवढ्यात बोट प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून नांगर टाकायचा, तोही नाकाकडून. मागून बांधलेल्या बोटीच्या मागच्या फळीवरून पाणी आत येतं.

(दृश्य: दोन बोटी, मध्ये दोर)

इंजिन सुरू होत नसेल तर ओढून न्यायचं. इथे ताकदीपेक्षा बांधणी महत्त्वाची. रबरी बोटीच्या नाकाशी दोन कड्या असतात, पट्टीने चिकटवलेल्या. एकाच कडीला दोर लावला की ताण एका बाजूला येतो आणि पट्टी सोलून निघते. म्हणून दोन्ही कड्यांतून दोन पायांचा फास: प्रत्येक कडीपासून दोराचा एक पाय, आणि दोन्ही पुढे एकत्र येऊन ओढायच्या दोराला जोडलेले. कड्यांमध्ये एक मीटर अंतर असेल तर प्रत्येक पाय किमान दीड मीटर ठेवा. मग दोन पायांमधला कोन चाळीस अंशांच्या जवळ राहतो आणि प्रत्येक पायावर निम्म्याहून थोडाच जास्त ताण येतो. पाय आखूड ठेवून कोन 120 अंशांवर गेला, तर प्रत्येक पायावर पूर्ण ताण.

दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो आणि झटका गिळतो. खोट एकच: तो बुडतो. सैल पडला की ओढणाऱ्या बोटीच्याच पंख्यात जातो, म्हणून त्या बोटीतल्या मागच्या माणसाने तो हातात गोळा करत राहायचं. पाण्यातल्या माणसाकडे फेकायच्या दोराच्या पिशवीत मात्र तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर, पंधरा-वीस मीटर.

गल्लीत लांब दोर कामाचा नाही, वळणावर मागची बोट भिंतीला घासते. तिथे दोन्ही बोटी कुशीला कुशी लावून, पुढून-मागून घट्ट बांधायच्या, ओढणाऱ्या बोटीचं इंजिन दुसरीच्या मागच्या टोकाच्याही थोडं मागे ठेवून. सुकाणू तेव्हाच नीट लागतं. उघड्या पाण्यात लांब दोर. पण तो कधीही कुशीतून ओढू देऊ नये. आडव्या ताणाने ओढणारी बोट उलटते, आणि ते काही सेकंदांत होतं. दोर कापायला सुरी हाताशी हवी ती यासाठीच.

वेग दुप्पट केला की ओढ साधारण चौपट. घाई करणाऱ्याच्या कड्या उखडतात त्या यामुळेच. बंद बोटीतली माणसं खाली बसलेली, जॅकेट घातलेली, वजन थोडं मागे. पुढे वजन असलं की नाक पाण्यात रुतून बोट डावी-उजवी भरकटत राहते. दोराच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. ताणलेला नायलॉन तुटला तर तो मागे येतो.

(दृश्य: चिखलाने माखलेला दोर)

परत आल्यावर दोर गोड्या पाण्यात खळबळून धुवा. चिखलातली रेती तंतूंच्या आत बसते आणि पुढच्या वेळी आतून कापत जाते. मग पूर्ण दोर हातातून सोडत जा. जिथे कडक लागेल किंवा कापसासारखा फुललेला असेल, तिथे तो कापून टाका.